दूरस्थ यंत्रास दिलेली आज्ञा : हौशी बिनतारी संचांच्या तीन आज्ञाभाषांची समीक्षा

१

आपल्याकडील शब्दबोधविचारात एक दृष्टान्त परंपरेने चालत आला आहे. घरातील वडीलधारा मनुष्य तरुणास म्हणतो, 'गाय आण'. तरुण उठतो व गाय घेऊन येतो. जवळ बसलेले मूल हा सारा व्यवहार पाहते, आणि पुढे 'गाय बांध', 'घोडा आण' अशी वाक्ये ऐकून व त्यांचे परिणाम पाहून कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ हे शिकते. मीमांसक व नैयायिक यांनी या दृष्टान्ताचा ऊहापोह शब्दाचा अर्थ कसा कळतो या प्रश्नाच्या अंगाने पुष्कळ केला आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आज्ञा देणारा, ती पाळणारा, गाय आणि पाहणारे मूल ही सर्व एकाच अंगणात आहेत. तरुणाने गायीऐवजी घोडा आणला, तर ते वडिलांना तत्काळ दिसते. आज्ञा नीट पोहोचली की नाही हे विचारण्याची त्यांना गरज पडत नाही.

हे अंगण काढून घेतले तर काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हौशी बिनतारी केंद्रे चालविणाऱ्या मंडळींत, ज्यांना सामान्यतः 'हॅम' म्हणतात, आपला संच घरापासून दूर, एखाद्या टेकडीवर किंवा गोंगाटमुक्त जागी ठेवून तो घरी बसून चालविण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. शहरातील इमारतींवर उंच आकाशक उभारणे कठीण झाले आहे आणि विद्युत उपकरणांचा खरखराट वाढला आहे, ही त्याची उघड कारणे होत. दूर ठेवलेल्या संचास मुख्यतः एकच गोष्ट वारंवार सांगावी लागते : या कंप्रतेवरून त्या कंप्रतेवर जा, या चॅनेलवरून त्या चॅनेलवर जा. हे सांगण्यासाठी संचांच्या उत्पादकांनी आज्ञाभाषा घडविल्या आहेत व त्यांची कोष्टके माहितीपुस्तिकांतून किंवा स्वतंत्र संदर्भपत्रकांतून प्रसिद्ध केली आहेत. ही कोष्टके अभियंते वाचतात. ती भाषावैज्ञानिकांनीही वाचावीत असे मला वाटते.

'ही भाषा नव्हे, केवळ संकेत होत' असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो पुष्कळ अंशी खरा आहे. या आज्ञाभाषांत काल नाही, उपमा नाही, असत्य बोलण्याची सोय नाही. तथापि त्यांत शब्द आहेत, शब्दक्रम आहे, वाक्याची सुरुवात व शेवट आहे, संबोधन आहे, प्रश्न आहे, होकार व नकार आहेत. ज्या विद्यार्थ्यांना वाक्यार्थाच्या आकांक्षा, योग्यता व संनिधी या तीन अटी केवळ परिभाषा म्हणून ठाऊक आहेत, त्यांना त्या अटी येथे प्रत्यक्ष काम करताना दिसतील. आणि अट मोडली तर काय होते हेही दिसेल, कारण येथे चुकीच्या वाक्यबोधाचा परिणाम म्हणजे भलत्याच कंप्रतेवर सुरू झालेला प्रक्षेपक होय. त्याचा उपद्रव तिसऱ्याच माणसाला होतो आणि त्याची जबाबदारी मात्र घरी बसलेल्या परवानाधारकावर येते.

२

प्रथम 'चॅनेल' या शब्दाचा विचार केला पाहिजे. मराठीत त्यास 'वाहिनी' हा शब्द रूढ झाला तो दूरचित्रवाणीमुळे. हौशी बिनतारीत मात्र बोलण्यात 'चॅनेल' हेच चालते, म्हणून मी तोच शब्द ठेवतो.

लघुलहरींवरील हौशी पट्टे हे वास्तविक अखंड असतात. संचावरील मोठे गोल बटण फिरवावे आणि मोकळी जागा सापडेल तेथे थांबावे, हा तेथील जुना शिरस्ता. 'चॅनेल' ही कल्पना दुसरीकडून आली. अतिउच्च कंप्रतेच्या जुन्या संचांत प्रत्येक कंप्रतेसाठी वेगळा स्फटिक बसवावा लागे. बटणाच्या प्रत्येक टप्प्यामागे ठराविक स्फटिक असे, आणि त्या टप्प्याच्या क्रमांकास चॅनेल म्हणत. पुढे स्फटिकांची जागा संश्लेषक मंडलांनी व स्मृतिकोशांनी घेतली, पण टप्प्याला क्रमांक देण्याची रीत टिकली. कायद्यानेही क्वचित चॅनेल निर्माण केले. अमेरिकेत २००३ मध्ये ५ मेगाहर्ट्झच्या परिसरात हौशी केंद्रांना अखंड पट्टा न देता पाच सुटे चॅनेल देण्यात आले, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

कंप्रता आणि चॅनेल यांतील भेद अर्थदृष्ट्या मूलगामी आहे. '१४२३४.५६ किलोहर्ट्झ' हे वर्णन आहे. ते कोणत्याही संचास सांगितले तरी त्याचा अर्थ एकच. 'चॅनेल १७' हे नाव आहे, आणि त्या नावाचा अर्थ ज्या संचाच्या स्मृतीत तो क्रमांक भरला आहे त्या संचापुरताच असतो. शिवाय एका नावामागे केवळ कंप्रता नसते. स्वरभाषणाचा प्रकार, रिपीटरच्या आवक व जावक कंप्रतांतील अंतर, द्वार उघडणारा मंद नाद असा सारा संसार त्या एका क्रमांकात बांधलेला असतो. त्यामुळे चॅनेलची आज्ञा आटोपशीर होते. तीत चुकण्यास जागा थोडी असते, आणि अनधिकृत कंप्रता स्मृतीत भरलेलीच नसेल तर केवळ चॅनेलच निवडू शकणारा मनुष्य तेथे जाऊच शकत नाही. हे नावाचे गुण होत. दोष असा की, स्मृतीतील १७ व्या कोशात काल कोणी दुसरेच काही भरून ठेवले असेल, तर आज्ञा शब्दशः पाळली जाऊनही अर्थ चुकतो, आणि 'चॅनेल १७ निवडला' हे संचाचे उत्तर खरे असूनही फसवे ठरते.

म्हणून जेथे संच दृष्टीआड आहे तेथे नावाने आज्ञा द्यावी, पण खातरजमा वर्णनाने करावी, असा नियम निघतो. तो नियम पाळण्यास संबंधित आज्ञाभाषा वाव देते काय, हे आपण पुढे पाहू.

३

चॅनेल बदलण्याची सर्वांत जुनी व सर्वांत सोपी दूरस्थ रीत म्हणजे मायक्रोफोनवरील दोन बटणे : एक 'वर', एक 'खाली'. बटण मायक्रोफोनवर असल्याने संच हातभर दूर असला तरी चालतो. या बटणाची तार लांबविली, किंवा त्या तारेऐवजी एखादे लहान यंत्र बसविले, की घरबसल्या चॅनेल बदलण्याची सोय होते. केनवुडच्या आज्ञाभाषेत तर या दोन बटणांचीच नक्कल करणाऱ्या 'यूपी;' व 'डीएन;' अशा आज्ञा स्वतंत्र दिलेल्या आहेत.

ही सोय भाषेच्या दृष्टीने अत्यंत नाजूक आहे. 'वर' हा शब्द दर्शक आहे. कार्ल ब्यूलर याने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषासिद्धान्तात असे दाखविले आहे की, 'येथे', 'तेथे', 'आता' यांसारख्या शब्दांना अर्थ प्राप्त होतो तो बोलणाऱ्याच्या स्थानापासून मोजल्यावर. 'वर' या आज्ञेचा अर्थ संच सध्या कोठे उभा आहे यापासून मोजावा लागतो. आज्ञा देणाऱ्यास ते स्थान दिसत असेल तर प्रश्न नाही. दिसत नसेल तर त्याला ते मनात मोजीत राहावे लागते. समजा, संच चॅनेल १२ वर आहे आणि तो १७ वर न्यावयाचा आहे. पाच वेळा 'वर' म्हटले, त्यांपैकी चारच पोहोचले. आता संच १६ वर आहे व सांगणाऱ्याच्या मते १७ वर. यापुढील प्रत्येक आज्ञा व्याकरणशुद्ध असेल, पोहोचेल, पाळलीही जाईल, आणि तरीही ती चुकीचीच ठरेल. कारण मोजणीचा मूलबिंदूच ढळला आहे.

याहून वाईट गोष्ट अशी की, ही चूक पुनरुक्तीने सुधारत नाही. खरखरीच्या वाटेवरून बोलताना मनुष्य स्वभावतःच शब्द पुन्हा उच्चारतो, आणि बिनतारी मंडळींची तर ती शिस्तच आहे. 'चॅनेल १७' ही आज्ञा तीन वेळा सांगितली तरी परिणाम एकच. 'वर' तीन वेळा सांगितले तर परिणाम तिप्पट. शास्त्रग्रंथात पुनरुक्ती हा दोष मानतात. दूरनियंत्रणात ज्या आज्ञेस पुनरुक्ती सोसत नाही ती आज्ञाच सदोष, असे म्हणावे लागते. दर्शक आज्ञा व निरपेक्ष आज्ञा यांतील हा भेद या समीक्षेची पहिली कसोटी आहे.

हौशी मंडळींच्या स्वतःच्या व्यवहारभाषेत हे शहाणपण पूर्वीपासून आहे, ही गोष्ट लक्षणीय वाटते. १९१२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेपासून रूढ झालेल्या क्यू-संकेतांच्या कुळात 'क्यूएसवाय' हा संकेत आहे. त्याचा अर्थ 'दुसऱ्या कंप्रतेवर जा', आणि त्यापुढे अंक जोडला की 'अमुक कंप्रतेवर जा'. त्याच संकेतास प्रश्नचिन्ह जोडले की 'मी दुसऱ्या कंप्रतेवर जाऊ काय?' असा प्रश्न होतो. म्हणजे एका माणसाने दुसऱ्या दूरस्थ माणसाचा संच हलविण्यासाठी जी आज्ञा वापरली, तीत आज्ञा आणि प्रश्न यांची सांगड पहिल्यापासून होती. यंत्राशी बोलताना हीच सांगड सुटली किंवा ढिली झाली.

४

आता प्रत्यक्ष आज्ञाभाषांकडे वळू. तुलनेसाठी एकच आशय घेऊ : '१४,२३४,५६० हर्ट्झ या कंप्रतेवर जा'.

केनवुडच्या भाषेत हे वाक्य असे होते : 'एफए०००१४२३४५६०;'. आरंभी दोन रोमन अक्षरांचे क्रियापद, मग अकरा अंक, शेवटी अर्धविराम. वाचणाऱ्यास ते जवळजवळ उघड्या डोळ्यांनी कळते. क्रियापद 'एफए;' असे रिकामे सोडले की तोच प्रश्न होतो, आणि संच भरलेल्या रूपात उत्तर देतो. प्रश्न, विधान व आज्ञा या तिन्ही वाक्यप्रकारांना एकच रूप देण्यात आले आहे, आणि त्यांतील भेद अंक आहेत की नाहीत व कोण बोलत आहे यावरून कळतो. ही योजना काटकसरीची व सुंदर आहे.

शब्दसिद्धीकडे पाहिले तर तेथे मात्र अर्धवटपणा आढळतो. 'एफए' व 'एफबी' यांत पहिले अक्षर कंप्रतेचे, दुसरे 'ए' किंवा 'बी' या तबकडीचे, अशी फोड करता येते. 'एमसी', 'एमआर', 'एमडब्ल्यू' यांत पहिले अक्षर स्मृतीचे आहे, आणि दुसरे अनुक्रमे चॅनेल, वाचन व लेखन यांचे. यावरून 'एमडी' म्हणजे स्मृतीचेच काही असावे अशी शिकणाऱ्याची अपेक्षा होते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'भाषणप्रकार' असा आहे. चॅनेल-निवडीची आज्ञा 'एमसी' ही निरपेक्ष आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु 'यूपी;' व 'डीएन;' याच कोष्टकात शेजारी बसल्या आहेत, आणि त्यांपासून सावध करणारी खूण त्यांच्या रूपात नाही.

याएसूच्या एफटी-८१७ सारख्या जुन्या पद्धतीच्या संचात हेच वाक्य पाच बाइटांचे होते : '०१ ४२ ३४ ५६ ०१'. येथे एकक दहा हर्ट्झचे आहे, म्हणून पहिल्या चार बाइटांत १४,२३४,५६० चा शेवटचा शून्य गळून कंप्रता बसते. पाचवा बाइट हे क्रियापद आहे. म्हणजे ही भाषा मराठीप्रमाणे क्रियापदान्त्य आहे. याच वाक्यात '०१' हे चिन्ह दोनदा आले आहे. आरंभी ते अंक आहे, शेवटी ते 'कंप्रता लाव' असे क्रियापद आहे. अर्थ केवळ स्थानावरून ठरतो. वाक्याच्या शेवटी विरामचिन्ह नाही. प्रत्येक वाक्य पाच बाइटांचेच असते, म्हणून पाच मोजले की वाक्य संपले. ज्या आज्ञेस कर्मच नाही, उदाहरणार्थ बटणांना कुलूप घालणे, तिच्याही आधी चार निरर्थक बाइट पाठवावे लागतात. आपल्या छंदःशास्त्रातील पादपूरणार्थक निपातांची आठवण यावी असाच हा प्रकार आहे.

या रचनेत आकांक्षा ही सर्वस्वी मोजणीवर सोपविलेली आहे. वाटेत एक बाइट गळाला आणि मागून दुसरी आज्ञा लगोलग आली, तर तिचा पहिला बाइट आधीच्या आज्ञेचे क्रियापद म्हणून वाचला जाण्याचा धोका रचनेतच आहे. अशा वेळी दोन वाक्यांतील कालाचा खंड, म्हणजे संनिधीचा अभाव, हाच काय तो तारणारा. शिवाय याच संचाच्या छापील कोष्टकात 'ए' व 'बी' या दोन तबकड्यांसाठी एकच आज्ञा आहे : 'बदल'. 'ए घे' किंवा 'बी घे' असे म्हणण्याची सोय नाही. 'बदल' हा शब्द 'वर' प्रमाणेच पूर्वस्थितीवर टेकलेला आहे, आणि दोनदा पोहोचला तर जेथून निघालो तेथेच आणून सोडतो. स्मृतीतील चॅनेल क्रमांकाने निवडण्याची आज्ञा तर त्या कोष्टकात नाहीच. लहानशा, खांद्यावर घेऊन हिंडण्याच्या संचाची ही भाषा आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. मालक जवळच असणार असे तीत गृहीत आहे. पुढे एफटी-९५० किंवा एफटी-९९१ यांसारख्या संचांत याएसूने दोन अक्षरे व अर्धविराम यांची, केनवुडच्या वळणाची भाषा स्वीकारली. भाषेतिहासाच्या दृष्टीने हे शेजारभाषेचे व्याकरण उसने घेण्याचे स्वच्छ उदाहरण होय.

आयकॉमची भाषा तिसऱ्या घाटाची आहे. २०१६ मध्ये आलेल्या आयसी-७३०० या संचास हेच वाक्य असे सांगावे लागते : 'एफई एफई ९४ ई० ०५ ६० ४५ २३ १४ ०० एफडी'. पहिले दोन 'एफई' ही हाक. मग ज्यास बोलावयाचे त्याचे नाव ९४, मग बोलणाऱ्याचे नाव ई०, मग क्रियापद ०५, मग कंप्रता, शेवटी 'एफडी' हा पूर्णविराम. एकाच तारेवर अनेक संच राहू शकतात म्हणून नावाने हाक मारणे आवश्यक होते. आधी ऐकणाऱ्याचे नाव व नंतर बोलणाऱ्याचे, हा क्रम हॅम मंडळींच्या परस्पर हाकेचाही क्रम आहे. मोर्स संकेतात ते आधी समोरच्याचे चिन्ह, मग 'डीई' हा 'कडून' या अर्थाचा फ्रेंच शब्द, मग स्वतःचे चिन्ह पाठवितात. हे साम्य योगायोगाचे असो वा नसो, तीन भाषांपैकी हीच भाषा अंगणाबाहेर बोलण्याची रीत ओळखते.

तिचे अंकलेखन मात्र विलक्षण आहे. कंप्रतेचे अंक दोन-दोनच्या जोड्यांनी, पण शेवटच्या जोडीपासून मागे, असे लिहावयाचे : ००-१४-२३-४५-६० ऐवजी ६०-४५-२३-१४-००. जोडीच्या आत मात्र दशक आधी. मराठी मनुष्य 'एकशे पंचवीस' म्हणतो तेव्हा मोठा गट आधी उच्चारतो, पण जोडीच्या आत एकक आधी, दशक मागून. म्हणजे आयकॉमचा क्रम मराठीच्या नेमका उलट आहे. याबद्दल तिला दोष देणे आपणांस शोभणार नाही. दोष वेगळाच आहे. याच भाषेत चॅनेल १७ निवडावयाचा असेल तर '०८' या क्रियापदापुढे '०० १७' असे सरळ क्रमाने लिहावयाचे असते. एकाच भाषेत कंप्रता उलटी व चॅनेल सुलटा! भरीस भर म्हणजे ९४ हे नाव षोडशमान पद्धतीचे, त्याची दशमान किंमत १४८, आणि त्याच वाक्यातील १७ मात्र नेहमीचे सतरा. हे अपवाद पाठ करावे लागतात, व्याकरणातून निघत नाहीत.

५

येथपर्यंत आज्ञेच्या रूपाचा विचार झाला. परंतु माझ्या मते दूरनियंत्रणाच्या भाषेची खरी परीक्षा आज्ञेत नसून उत्तरात आहे. जे. एल. ऑस्टिन याच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून आपण हे मानीत आलो आहो की, आज्ञा देणे ही एक कृती आहे आणि ती साधण्यासाठी ऐकणाऱ्याने ती ग्रहण करणे अवश्य आहे. अंगणात ग्रहण झाल्याचे डोळ्यांना दिसते. दुरून ते ऐकूच यावे लागते.

केनवुडच्या भाषेत आज्ञा यशस्वी झाली तर संच काहीच बोलत नाही. मौनं संमतिलक्षणम् हा न्याय येथे यंत्रास लावलेला आहे. वाक्य समजले नाही, किंवा समजूनही सध्याच्या स्थितीत ते पाळता येत नाही, तर '?;' असे उत्तर येते. वाटेत बिघाड झाला तर 'ई;', काम अपुरे राहिले तर 'ओ;'. यांतील पहिल्या उत्तरात आकांक्षेचा भंग व योग्यतेचा भंग या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी एकाच प्रश्नचिन्हात कोंबल्या आहेत. 'तुझे वाक्य चुकले' आणि 'तुझे वाक्य बरोबर आहे, पण मला आता ते करता येत नाही' यांतील फरक दूरच्या माणसास कळणे अगत्याचे आहे, कारण पहिल्या प्रसंगी त्याने वाक्य सुधारावे आणि दुसऱ्या प्रसंगी थांबावे. आणखी असे की, संचाच्या अंतर्गत धांदलीमुळे हे प्रश्नचिन्ह क्वचित उमटणारही नाही अशी कबुली केनवुडच्या पुस्तिकांनीच दिली आहे. मग मौनाचे तीन अर्थ होतात : काम झाले, काम नाकारले पण नकार उमटला नाही, किंवा वाटच तुटली. जवळच्या तारेवर हे चालून जाते. टेकडीवरच्या संचास हे परवडत नाही. याचा उतारा भाषेतच आहे, तो म्हणजे प्रत्येक आज्ञेमागे 'एफए;' असा प्रश्न विचारणे. पण तो विचारण्याचे भान बोलणाऱ्यास असावे लागते. भाषा ते सक्तीचे करीत नाही.

आयकॉमची भाषा होकार व नकार स्पष्ट उच्चारते : 'एफबी' म्हणजे झाले, 'एफए' म्हणजे नाही. (केनवुडमध्ये 'एफए' हे तबकडीचे नाव आणि येथे नकार. दोन भाषांतील सरूप पण भिन्नार्थी शब्दांचे हे मासलेवाईक उदाहरण.) हा मोठा गुण आहे. उत्तरातही हाक, नावे व पूर्णविराम असल्याने कोण कोणास बोलले हे कळते. हे कळणे जरूरीचेच आहे, कारण पारंपरिक एकतारी जोडणीत बोलणाऱ्याला स्वतःचे वाक्य प्रतिध्वनीसारखे परत ऐकू येते, आणि तो प्रतिध्वनी म्हणजेच उत्तर अशी गल्लत नवशिक्याच्या हातून होऊ शकते. परंतु 'एफबी' हा नुसता होकार आहे. काय झाले ते तो सांगत नाही. चॅनेल १७ मागितला, होकार आला, पण १७ व्या कोशात काय भरले आहे हे कळण्यास '०३' हे कंप्रता विचारणारे क्रियापद वेगळे वापरावेच लागते.

येथे दुसऱ्या भागात सांगितलेला नियम उपयोगी पडतो. नावाने आज्ञा, वर्णनाने खातरजमा : केनवुड व आयकॉम या दोन्ही भाषांत हे शक्य आहे. एफटी-८१७ च्या भाषेत कंप्रता विचारता येते, पण क्रमांकाने चॅनेलच मागता येत नसल्याने नियमाचा पहिला अर्धाच गळतो. आणखी एक गुण पहिल्या दोन भाषांत आहे. योग्य ती मांडणी करून ठेवल्यास, कोणी प्रत्यक्ष हाताने संचाची तबकडी फिरविली तर संच आपण होऊन नवी स्थिती कळवितो. आयकॉममध्ये हे निवेदन '००' या सर्वांच्या नावे जाते. न विचारता सांगणे हा भाषिक व्यवहारातील मोठा टप्पा आहे, असे मी समजतो.

६

या भाषांपलीकडे दोन वाटा आहेत, त्यांचा थोडक्यात उल्लेख करतो. एक वाट टेलिफोनच्या कळपट्टीची. १९६३ पासून टेलिफोनमध्ये आलेले द्विनाद संकेत हॅम मंडळींनी रिपीटर व दूरस्थ केंद्रे हलविण्यासाठी उचलले. चार खालचे नाद व चार वरचे, प्रत्येक चिन्हात दोन्ही गटांतील एकेक, म्हणून चिन्हे सोळा. आपल्या वर्णमालेतील वर्गीय व्यंजनांचा स्थान व प्रयत्न यांचा पाच गुणिले पाच असा तक्ता ज्यास ठाऊक आहे, त्यास या रचनेचे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. दोन परस्परांशी बेसूर नाद एकाच वेळी सहसा मानवी कंठातून निघत नाहीत, म्हणून बोलणे व आज्ञा यांची गल्लत टळते. उत्तर मोर्समध्ये किंवा साठवलेल्या आवाजात ऐकू येईल अशी योजना करता येते, आणि ती केली असेल तर ही अल्पशब्दी भाषाही समाधानकारक ठरते.

दुसरी वाट भाषांतराची. २००० मध्ये सुरू झालेला हॅमलिब हा मुक्त प्रकल्प सर्व उत्पादकांच्या भाषांवर एक सामान्य भाषा बसवितो. तीत मोठ्या लिपीतील 'एफ' म्हणजे कंप्रता लाव, लहान लिपीतील तेच अक्षर म्हणजे कंप्रता सांग. मोठे 'ई' म्हणजे स्मृतिचॅनेल निवड, लहान 'ई' म्हणजे तो सांग. आज्ञा व प्रश्न यांचा भेद केवळ अक्षराच्या उंचीवर ठेवणे देवनागरी वाचणाऱ्यास विचित्र वाटेल, पण जोडी मात्र पूर्ण आहे, आणि आज्ञेचे फलित सांगणारे अंकी उत्तरही ठरलेले आहे. तथापि भाषांतरकार मूळ भाषेत नसलेले देऊ शकत नाही. ज्या संचास चॅनेल मागताच येत नाही त्याच्या वतीने तो ऋण अंकाने 'हे शक्य नाही' एवढेच कळवू शकतो. तेवढा प्रामाणिकपणा त्याने राखला आहे.

७

कायद्याला या संकटाची जाणीव आहे. अमेरिकेतील हौशी सेवेच्या नियमांत, दूरनियंत्रणाची वाट बिघडल्यास केंद्राचे प्रक्षेपण तीन मिनिटांहून अधिक चालू नये अशी तजवीज करणे बंधनकारक आहे. हा नियम शहाणपणाचा आहे, पण तो यंत्राचे तोंड बंद करतो, इतकेच. तीन मिनिटे ते कोठे बोलत होते हे तो सांगू शकत नाही. वाट शाबूत असून मोजणीच ढळली असेल, तर तो लागूही पडत नाही. ते काम भाषेचे आहे.

तीन भाषांविषयी माझे मत असे. वाचनीयता व प्रश्नाची सोय यांत केनवुड श्रेष्ठ. संबोधन, विराम व स्पष्ट होकार-नकार यांत आयकॉम श्रेष्ठ, जरी तिचे अंकलेखन विसंगत आहे. याएसूची जुनी भाषा संक्षेपात श्रेष्ठ, पण दुरून वापरण्यास सर्वांत धोक्याची. या निर्णयास एक मर्यादा घातली पाहिजे. या भाषा मुख्यतः संचाशेजारी ठेवलेल्या संगणकासाठी, हातभर तारेवर बोलण्यासाठी घडल्या. आज त्या तारेच्या जागी महाजाल आणून बसविले ते वापरणाऱ्याने. म्हणून दोष सर्वस्वी घडविणाऱ्यांवर टाकणे न्याय्य होणार नाही. परंतु घरची भाषा दूरदेशी नेणाऱ्याने तिच्यात कोणत्या गोष्टी न बोलता गृहीत धरल्या जातात, हे तपासून घेतले पाहिजे. 'वर', 'बदल' आणि मौन या अशा तीन गोष्टी होत.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी या आज्ञाभाषांचे तौलनिक व्याकरण लिहावयास घेतले, तर ते लहानसे पण उपयुक्त काम होईल. सामग्री छापील व सहज मिळण्याजोगी आहे, शब्दसंग्रह एका बैठकीत वाचून होईल एवढा आहे, आणि प्रत्येक विधान प्रत्यक्ष संचासमोर बसून पडताळता येते. आरंभ प्रत्येक कोष्टकातील पूर्वस्थितीवर अवलंबून असणाऱ्या आज्ञा वेगळ्या काढण्यापासून करावा. त्यांची यादी पूर्ण झाली की, प्रत्येकीस पर्यायी निरपेक्ष आज्ञा त्याच भाषेत आहे की नाही हे पाहावे. नसेल तेथे ते स्पष्टपणे नोंदवावे, म्हणजे टेकडीवर संच ठेवू पाहणाऱ्यास ती नोंद कामी येईल.